चुन्याखालचं चित्र

सर, तुम्हाला जाऊन आज अकरा दिवस झाले आणि माझा राग काही उतरत नाही. गेलेल्या माणसावर रागवू नये, असं घरात सगळे सांगून राह्यलेत. सासूबाई म्हणाल्या, "झालं गेलं, आता सोड." कसं सोडू? वीस वर्षं मी तुमच्यावर एका कारणासाठी रागावले होते, आणि तुम्ही गेल्यावर तिसऱ्या दिवशी कळलं की ते कारणच खोटं होतं. आता खऱ्या कारणासाठी रागवायचं तर समोर तुम्ही नाही. भांडायला माणूस लागतं, सर. तुम्ही तेवढीही सोय ठेवली नाहीत.

तुम्ही आमच्या शाळेत आलात तेव्हा जालना जिल्हा वेगळा होऊन फार दिवस झाले नव्हते. भोकरदनहून सायकलवर यायचात, कॅरिअरला कागदांची सुरळी बांधलेली. मी पाचवीत होते. पहिल्या तासाला तुम्ही म्हणालात, "मनातलं चित्र काढा," आणि अख्ख्या वर्गानं एकच चित्र काढलं. दोन डोंगर, मधून उगवणारा सूर्य, खाली नदी, नदीत होडी, काठावर नारळाचं झाड. तुम्ही बाकाबाकांमधून फिरलात, सगळ्या वह्या पाहिल्या, आणि फळ्याजवळ जाऊन उभे राहिलात.

"नारळाचं झाड कोणी कोणी पाह्यलंय?"

एकही हात वर झाला नाही.

"होडी?"

"सर, पुस्तकात पाह्यली," एक पोरगं म्हणालं.

"अरे, मंग तुमच्या बाभळी कोणी काढायच्या? मुंबईवाल्यांनी येऊन?"

वर्ग हसला. मीही हसले. पण घरी जाताना रस्त्यातली पहिली बाभूळ दिसली तेव्हा थांबून तिच्याकडं नीट पाहिलं, आयुष्यात पहिल्यांदा. तिचं खोड काळं नसतं, त्यात तांबूस भेगा असतात, हे मला त्या दिवशी कळलं. हे तुमचं देणं मी नाकारत नाही. रागात आहे म्हणून खोटं बोलणार नाही.

रंगपेट्या आमच्यापैकी कोणाकडंच नव्हत्या. तुम्ही गेरू, हळद, कपड्यांची नीळ आणि चुलीतला कोळसा आणायला लावलात. बाभळीचा डिंक भिजवून त्यात ते कालवलं. बाभळीचीच काडी दगडानं ठेचली की ब्रश तयार. पानांचे ठसे, काळ्या मातीचे बैल, रद्दीच्या लगद्याचे मुखवटे. लगद्याला चिकटपणा यावा म्हणून तुम्ही भिजवलेल्या मेथ्या वाटून आणायला सांगितल्या, आणि त्या आठवड्यात गावातल्या निम्म्या घरांत भांडणं झाली. माझी माय डबा उघडून म्हणाली, "मेथ्या कुठं गेल्या गं?" मी खरं सांगितलं. तिनं पाठीत एक धपाटा घातला, आणि मुखवटा वाळल्यावर मात्र तोच तोंडाला लावून शेजारणीला भेवडावून आली.

माझे वडील, दादा, शाळेच्या संस्थेच्या अध्यक्षांच्या मळ्यात सालदार होते. म्हणजे वर्षाच्या बोलीवर ठेवलेला गडी. अध्यक्षांना सगळा गाव आबासाहेब म्हणायचा. शाळा त्यांची, मळा त्यांचा आणि हापसाही त्यांचाच. हापसा खरं तर सरकारी होता. दुष्काळात गावासाठी बोअर घेतला, पाणी लागलं ते आबासाहेबांच्या घराला लागून, आणि वर्षभरात त्याच्याभोवती त्यांच्या अंगणाची भिंत उभी राहिली. दार लावलं. सकाळी त्यांच्या म्हशींचं पाणी झालं की दार उघडायचं, मंग बायांनी एकेक करून आत जायचं. तोवर बाहेर घागरी मांडून बसायचं. हे सगळ्यांना माहीत होतं. त्याबद्दल कोणी बोलत नव्हतं, एवढंच.

मी सातवीत गेले त्या वर्षी तुम्ही हेडमास्तरांकडून शाळेची रस्त्याकडची भिंत मागून घेतलीत. पाचवी ते सातवीच्या पोरांनी त्या भिंतीवर आपलं गाव काढायचं. प्रत्येकानं आपलं स्वतःचं घर. "जसं हाये तसं काढायचं," तुम्ही बजावलंत. "पत्रा गंजलेला असंल तर गंजलेला. भिंतीला पोपडा असंल तर पोपडा. कोणाचं घर छोटं, कोणाचं मोठं, याची लाज धरायची न्हाई." पंधरा दिवस आम्ही त्या भिंतीला चिकटून होतो. रस्त्यानं जाणारी माणसं बैलगाडी थांबवून आपलं घर शोधायची. एक म्हातारे आजोबा रोज यायचे, त्यांच्या नातवानं दारातली खाट काढली होती पण आजोबा काढले नव्हते. शेवटी तुम्ही त्या पोराला म्हणालात, "काढ बाबा यांना एकदाचं, न्हाईतर हे इथंच बसतील."

माझं घर काढून झालं होतं. पत्रे, पत्र्यावरचे दगड, दारातला रांजण. मायला कुठं काढावं ते कळेना.

"सर, माय तर घरात नसतीच."

"मंग कुठं असती?"

"सकाळी हापशावर. मंग कामावर."

तुम्ही रस्त्याकडं पाहिलंत. तेव्हा मला वाटलं तुम्ही दुसऱ्या कोणाकडं बघताय. नंतर म्हणालात, "जिथं असती तिथं काढ."

मी काढली. भिंतीच्या दुसऱ्या टोकाला, आबासाहेबांच्या नातवानं आपलं दोन मजली घर काढलं होतं, त्याच्या शेजारी. आत हापसा, हापशाजवळ म्हैस, बंद दार, आणि दाराबाहेर ओळीनं बसलेल्या बाया. सगळ्यात पुढं माय, डोक्याला हात लावलेली. नीळ संपली होती म्हणून मायचं लुगडं अर्धंच निळं झालं. तुम्ही चित्र पाहिलंत. माझ्या खांद्यावर हात ठेवून निघून गेलात.

चार दिवसांनी तपासणीला साहेब येणार होते. त्याच्या आदल्या दिवशी आबासाहेब शाळेत आले. आम्ही वर्गातून पाहिलं, ते भिंतीपुढं बराच वेळ उभे होते. रोज ते ज्या दारातून बाहेर पडायचे त्याच दाराकडं असे टक लावून बघत होते, जसं काही ते दार त्यांनी कधी पाहिलंच नव्हतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही प्रार्थनेला आलो तर तुम्ही स्टुलावर चढून भिंतीला चुना देत होता. तुम्ही स्वतः. शिपाई खाली बादली धरून उभा. सुरुवात तुम्ही माझ्या चित्रापासून केली होती. मायचं डोकं गेलं होतं, अर्धं निळं लुगडं अजून दिसत होतं.

मी रांग सोडून पळत आले. "सर, काय करून राह्यलात? माझी माय हाय ती!"

तुम्ही खाली पाहिलं नाहीत. "घरी जा, द्वारका."

"घरावरच तर तुम्ही चुना देऊन राह्यलात! कुठं जाऊ?"

कुंचला थांबला. मला वाटलं, आता उतरतील. तुम्ही कुंचला बादलीत बुडवला आणि परत भिंतीवर फिरवलात. चाळीस पोरांची घरं दुपारपर्यंत गेली. पाचवीतली पोरं रडत होती. साहेब आले, पांढरी भिंत बघून म्हणाले, "वा, स्वच्छता चांगली आहे."

त्यानंतर मी तुमच्या तासाला बसले नाही. हजेरी दिली की मागच्या दारानं बाहेर. तुम्ही एकदाही मला पकडलं नाहीत, शिक्षा केली नाहीत, आणि त्याचाही मला रागच आला. आठवीला मी भोकरदनच्या शाळेत गेले. चार वर्षांनी दादांनी मळ्यातलं काम सोडलं आणि आम्ही जालन्याला आलो, दादा लोखंडाच्या कारखान्यात लागले. मी डी. एड. केलं, मास्तरीण झाले. माझ्या लग्नात तुम्ही आला होता. कोणी बोलावलं होतं माहीत नाही. पंगतीत बसून जेवलात, मी स्टेजवरून बघितलं आणि नवऱ्याला म्हणाले, "तो माणूस भेकड आहे." लग्नाच्या दिवशी नवऱ्याशी बोललेलं माझं ते पहिलं मोठं वाक्य असेल.

आणि मंग ते प्रशिक्षण. पाच वर्षं झाली त्याला. आसपासच्या शाळांचे चाळीसेक शिक्षक, आणि कलेच्या तासाला मार्गदर्शक म्हणून तुम्ही. केस पिकलेले, चष्मा दोऱ्यानं बांधलेला. तुम्ही कागदी पिशव्यांच्या बाहुल्या करायला शिकवत होता. सगळे हसत होते, मजा चालली होती. मला ते बघवेना. मी उठले.

"सर, भिंतीवर काढायला कधी शिकवणार?"

तुम्ही कात्री खाली ठेवलीत. "भिंतीला परवानगी लागते, बाई."

"परवानगी होती तुमच्याकडं. तुम्ही भ्यालात. चाळीस पोरांच्या घरांवर तुम्ही चुना फासला. तुम्हाला कला शिकवायचा हक्क न्हाई."

तुम्ही माझ्याकडं पाहिलंत आणि म्हणालात, "बराबर आहे. भ्यालो होतो मी." आणि कात्री उचलून पुढची पिशवी कापायला लागलात.

संध्याकाळी बसस्टँडवर तुम्ही दोन कप घेऊन माझ्याकडं आलात. "द्वारका, चहा घे."

मी म्हणाले, "तुमच्या हातचा नको."

सर, मला चुना लावलेला हात म्हणायचं होतं. अल्लाशपथ, तुमच्याच भाषेत सांगते, दुसरं काही माझ्या मनात नव्हतं. पण त्या शाळेत तुम्ही एकटेच मुसलमान मास्तर होता, आणि असं वाक्य तुम्ही जन्मात किती वेळा आणि किती वेगळ्या अर्थानं ऐकलं असेल, हे मला बसमध्ये बसल्यावर कळलं. तोवर बस सुटली होती. खिडकीतून पाहिलं तर तुम्ही एका कपातला चहा प्यायलात आणि दुसरा कप हातात धरून तसेच उभे होता. घरी येऊन पत्र लिहायला घेतलं. 'आदरणीय' लिहिलं आणि थांबले, कारण आदर वाटत नव्हता. दुसरा शब्द सापडला नाही. पत्र राहिलं ते राहिलंच.

तुम्ही गेल्याची बातमी शाळेत फोनवर आली. तिसऱ्या दिवशी मी भोकरदनला तुमच्या घरी गेले. का गेले ते मला सांगता येणार नाही. तुमच्या घरच्यांना, चाचींना, मी याआधी कधी पाहिलं नव्हतं. बायांच्या घोळक्यात त्या भिंतीला टेकून बसल्या होत्या. मी नाव सांगितलं आणि त्या सरळ झाल्या.

"द्वारका? हापसेवाली द्वारका?"

"हो."

"पाच साल झाले, वाट बघून राह्यले ते. प्रत्येक ईदला म्हणायचे, यंदा येईल भांडायला."

मी म्हणाले, "चाची, त्यांनी माझं चित्र पुसलं होतं."

चाचींनी माझ्याकडं असं पाहिलं की मला खाली बघावं लागलं. "तुला मालूम न्हाई? बिलकुल न्हाई?"

आणि त्यांनी सांगितलं. आबासाहेब शाळेत आले त्या संध्याकाळी तुम्हाला त्यांच्या वाड्यावर बोलावलं गेलं. हेडमास्तर होते, संस्थेची दोन माणसं होती. त्यांचा बेत ठरला होता. सकाळी साऱ्या गावापुढं दादांना बोलवायचं, आणि त्यांनी माझा हात धरून माझ्याच हातानं ते चित्र पुसून घ्यायचं. मंग माझा दाखला हातात द्यायचा. तुम्ही म्हणालात, पोरीचा संबंध नाही, चित्र माझं आहे. तसं लिहून द्या म्हणाले, दिलंत. अख्खी भिंत पुसणार कोण म्हणाले, मी पुसतो म्हणालात. बाहेर एक शब्द गेला तर सालदाराचं साल मोडीन म्हणाले, तेही तुम्ही मान्य केलंत.

"नोकरी राहिली कशी?" मी विचारलं.

"ड्रॉइंगचा दुसरा मास्तर कुठं मिळतो खेड्यात? ठेवलं. पण मान खाली घालून ठेवलं."

मी तिथं त्या बायांमध्ये बसून रडायला हवं होतं. बाकीच्या रडत होत्या. मला मात्र संताप आला. "चाची, दादांनी तो मळा सोडला त्याला पंधरा वर्षं झाली. आता कोणाचं साल मोडणार होतं? मंग का न्हाई सांगितलं?"

"मी बी हेच विचारलं. म्हणाले, उपकार वाटतील पोरीला. मंग ती भांडायची न्हाई माझ्याशी."

हे काय कारण झालं, सर? माझं भांडण तुम्हाला गोड वाटत होतं म्हणून तुम्ही मला वीस वर्षं एका भल्या माणसाला भेकड म्हणू दिलंत? चाळीस लोकांसमोर? त्या दिवशी घरी जाऊन तुम्ही चाचींना सांगितलं म्हणे, "आज द्वारका काय बोलली! एकटी उभी राह्यली सगळ्यांत." खूश होता म्हणे. चहाचं मात्र सांगितलं नाहीत. मी विचारलं, चाचींना माहीत नव्हतं. ते तुम्ही एकट्यानं ठेवलंत. त्याची माफी मी मागते, इथं, या कागदावर. तेवढ्याचीच.

कारण अजून एक आहे. चाचींनी पेटीतून एक कागद काढून दिला. तुम्ही लिहून दिलं त्याची कार्बनची नक्कल. तुमचं ते सुंदर अक्षर. 'सदर चित्र कु. द्वारका हिने माझ्या सांगण्यावरून काढले. ती अजाण असून तिला त्या चित्राचा अर्थ समजत नाही.'

मी ते वाक्य किती वेळा वाचलं असेल. समजत नाही? सर, मी रोज पहाटे मायच्या मागं दुसरी घागर घेऊन त्या दाराबाहेर बसायचे. म्हैस किती वेळ पाणी पिते ते मला पाठ होतं. मायला आत सोडताना आबासाहेबांच्या घरातली माणसं काय बोलायची ते मी ऐकलं होतं. माझ्या घराजवळ जागा असताना मी मुद्दाम त्यांच्या घराशेजारी चित्र काढलं. 'जिथं असती तिथं काढ' एवढंच तुम्ही म्हणालात. हापसा तुम्ही सांगितला नाहीत. दार सांगितलं नाहीत. त्या बंद दारावर कुलूपसुद्धा मी चितारलं होतं, हे तुम्हाला दिसलं नव्हतं का? तुम्हीच शिकवलं होतं जसं आहे तसं बघायला. आम्ही बघितलं, आणि बघितल्याचं खरं ठरायची वेळ आली तेव्हा तुम्ही लिहून दिलंत की पोरीला कळत नाही.

मला माहीत आहे तुम्ही काय म्हणाल. दुसरं काय लिहिणार होतो, तुझ्या बापाला रस्त्यावर आणू? बराबर आहे. त्या संध्याकाळी तुमच्या जागी मी असते तर मीही तेच लिहिलं असतं. तुम्ही मला वाचवलंत, दादांना वाचवलंत, आणि त्यासाठी त्या भिंतीवरचं एकच खरं चित्र माझ्या नावावरून काढून घेतलंत. दोन्ही एकदम खरं आहे. दोन्हीचा हिशेब एकमेकांत मिटत नाही, म्हणून मी आठ दिवस नीट जेवलेले नाही.

काल मी रजा टाकून आपल्या शाळेत गेले. अध्यक्ष आता आबासाहेबांचा मुलगा आहे. माझी शाळा जिल्हा परिषदेची, त्यामुळं तो माझं फार काही करू शकत नाही, पण माणूस मोठा आहे, बदलीसाठी एक फोन पुरतो. नवऱ्यानं हे सांगून पाहिलं. मंग म्हणाला, "बरं, मी सोडतो तुला मोटरसायकलवर."

ऑफिसात क्लार्क तरुण होता. मी माझा अर्ज पुढं केला. त्यानं वाचला, परत वाचला, खुर्चीत मागं सरकला.

"मॅडम, हे वीस वर्षांपूर्वीचं आहे."

"हो."

"कुठल्या फाईलला लावू?"

"हबीब सरांच्या. त्यांचं जे निवेदन आहे त्याच्या पाठीमागं."

"पण ते तर वारले. ती फाईल आता कोणी उघडणार न्हाई."

"नका उघडू. लावून ठेवा."

त्यानं दाराकडं एकदा पाहिलं. आवाज खाली आणला. "अध्यक्षसाहेबांनी पाह्यलं तर? आणि हे असं लिहून देणं म्हणजे, मॅडम, तुम्ही स्वतःच्या अंगावर ओढवून घेऊन राह्यल्या. आता कशाला कबूल करताय? सर तर चूक स्वतःवर घेऊन गेल्ते."

"चूक न्हाई हो," मी म्हणाले. "चित्र. चित्र माझं होतं. आणि मला त्याचा अर्थ समजत होता. तेवढंच लिहिलंय."

त्यानं अर्ज सरळ करून टेबलावर ठेवला. मंग त्यानं ड्रॉवरमधून आवकचा शिक्का काढला, शाईच्या पॅडवर दोनदा दाबला, आणि तुमच्या माझ्या भांडणावर ठोकला.